पैलवानाच्या पोटाखाली तिळीचा लाडू

एक होती मुंगी. तिचं नाव तिळी. होती एवढीशी, तिळाएवढी. पण बोलायला लागली की तडतड लाह्या फुटायच्या.

एका सकाळी तिळीला लाडू सापडला. रव्याचा लाडू. खरं तर तो लाडवाचा कण होता. पण आपल्याला कण, तिळीला लाडूच. तो तिने एकटीने शोधला होता. कुणी दाखवला नव्हता. कुणी ढकलायला आलं नव्हतं. तिळीला फार फार आनंद झाला. आता घरी जायचं. आईला दाखवायचा.

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पलंगाखालून चालली होती. डोक्यावर लाडू.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. शुईईईई.

आणि पलंगाखाली धाडकन कोण शिरलं? पैलवान शिरला.

पैलवान म्हणजे या घरातला कुत्रा. भला मोठा. भंगारवाल्यावर भुंकायचा. टेम्पोवर भुंकायचा. ढगांवरसुद्धा भुंकायचा. पण कुकरची शिट्टी झाली की पैलवानाची अगदी भागूबाई व्हायची. शेपूट आत. कान खाली. पाय लटलट, दात कटकट.

पैलवान मटकन खाली बसला. नेमका लाडवावर. तिळी कशीबशी निसटली. लाडू राहिला पोटाखाली.

तिळीला रडूच आलं. थोडंसं रडून झालं. मग तिने मिशा पुसल्या.

"पैलवानदादा, पैलवानदादा, जरा उठ ना," ती म्हणाली.

"का गं, का?"

"माझा लाडू मला मिळत नाही."

पैलवान म्हणाला, "मी नाही बाई उठत. कुकर थांबेल, तर मी उठेन."

"असं होय? मग जाते कुकराकडे."

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. ओट्यावर चढली. कुकर तिथे फुगून बसला होता. पोटात डाळ, पोटात भात, डोक्यावर शिट्टी.

"कुकरमामा, कुकरमामा, जरा थांबा ना."

"का गं, का?"

"पैलवान उठत नाही,
माझा लाडू मला मिळत नाही."

कुकर म्हणाला, "मी नाही बाई थांबत. शेगडी विझेल, तर मी थांबेन." आणि त्याने अजून एक शिट्टी मारली. शुईईईई.

"असं होय? मग जाते शेगडीकडे."

शेगडी तिथेच होती. कुकराच्या खाली. भुरभुर भुरभुर जळत होती. तिळी जरा लांबच उभी राहिली. शहाणी मुंगी.

"शेगडीमावशी, शेगडीमावशी, जरा विझ ना."

"का गं, का?"

"कुकर थांबत नाही,
पैलवान उठत नाही,
माझा लाडू मला मिळत नाही."

शेगडी म्हणाली, "मी नाही बाई विझत. बाळाची आई सुटेल, बटण फिरवेल, तर मी विझेन."

"असं होय? मग जाते आईकडे."

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. ओट्यावरून खाली, उंबरठ्यावरून पुढे.

आई खोलीत होती. पाळण्यावर वाकली होती. का वाकली होती? पाळण्यात बाळ होतं. बाळाने आईची वेणी धरली होती. दोन्ही मुठींत, घट्ट. आईच्या एका हातात दुधाची वाटी. दुसऱ्या हाताने तिने वेणी सांभाळली होती. हात मोकळा होता कुठे?

आई म्हणाली, "बाबा, किती शिट्ट्या झाल्या हो?"

पलंगावर आजोबा बसले होते. ते म्हणाले, "मी मोजतच होतो, सूनबाई. तू विचारलंस आणि विसरलो."

शुईईईई.

"ही धरून किती झाल्या?" आई म्हणाली.

"ही धरून एक," आजोबा म्हणाले.

असा त्या घरचा हिशोब. तिळी आईच्या पायाशी आली.

"आई, आई, जरा सुट ना."

"का गं, का?"

"शेगडी विझत नाही,
कुकर थांबत नाही,
पैलवान उठत नाही,
माझा लाडू मला मिळत नाही."

आई म्हणाली, "मी नाही बाई सुटत. बाळ झोपेल, तर मी सुटेन."

"असं होय? मग जाते बाळाकडे."

तिळी पाळण्यावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु. बाळाला अजून बोलता येत नाही. नुसतं ऊं ऊं करतं. पण मुंग्यांना ते कळतं.

"बाळा, बाळा, जरा झोप ना."

"ऊं?" म्हणजे, का गं, का?

"आई सुटत नाही,
शेगडी विझत नाही,
कुकर थांबत नाही,
पैलवान उठत नाही,
माझा लाडू मला मिळत नाही."

बाळ म्हणालं, "ऊं ऊं, ऊं ऊं." म्हणजे, मी नाही बाई झोपत. पाळणा हलेल, तर मी झोपेन.

"असं होय? मग सांगते पाळण्याला."

"पाळणेदादा, पाळणेदादा, जरा हल ना."

"का गं, का?"

"बाळ झोपत नाही,
आई सुटत नाही,
शेगडी विझत नाही,
कुकर थांबत नाही,
पैलवान उठत नाही,
माझा लाडू मला मिळत नाही."

पाळणा म्हणाला, "मी नाही बाई हलत. आजोबा दोरी ओढतील, तर मी हलेन."

"असं होय? मग जाते आजोबांकडे."

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पलंगावर चढली. आजोबा हाताने गादी चाचपत होते. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं.

"आजोबा, आजोबा, जरा दोरी ओढा ना."

"का गं, का?"

"पाळणा हलत नाही,
बाळ झोपत नाही,
आई सुटत नाही,
शेगडी विझत नाही,
कुकर थांबत नाही,
पैलवान उठत नाही,
माझा लाडू मला मिळत नाही."

आजोबा म्हणाले, "मी नाही बाई ओढत. मघाशी दोरी म्हणून ओढली, ती माझ्या पायजम्याची नाडी निघाली. चष्मा सापडेल, तर मी ओढेन."

"असं होय? मग शोधते चष्मा."

तिळीने चष्मा शोधला. टीव्हीवर नाही. खिडकीत नाही. आजोबांच्या डोक्यावरही नाही. मग तिने हाक मारली, "चष्मेबुवा, चष्मेबुवा, कुठे आहात?"

"इथे," बारीक आवाज आला. "पलंगाखाली. पैलवानाच्या हनुवटीखाली."

झालं. घाबरला की पैलवान आजोबांचं काहीतरी उचलायचा आणि जवळ घेऊन बसायचा. कधी टोपी, कधी मोजा. आज चष्मा.

"चष्मेबुवा, चष्मेबुवा, जरा बाहेर या ना."

"का गं, का?"

"आजोबा ओढत नाहीत,
पाळणा हलत नाही,
बाळ झोपत नाही,
आई सुटत नाही,
शेगडी विझत नाही,
कुकर थांबत नाही,
पैलवान उठत नाही,
माझा लाडू मला मिळत नाही."

चष्मा म्हणाला, "मी नाही बाई येत. पैलवान हनुवटी उचलेल, तर मी येईन."

घ्या. सगळं घर फिरून झालं, आणि फिरून फिरून भोपळे चौकात. पुन्हा आपला पैलवानच.

आता मात्र तिळीला राग आला. असा राग आला, असा राग आला. ती म्हणाली, "चावतेच याला. मुंगी चावली की हत्ती उठतो. हा तर नुसता पैलवान."

तिने तोंड उघडलं. पैलवानाच्या पंजाजवळ गेली. अगदी जवळ.

शुईईईई.

पंजा थरथरला. तिळीने वर बघितलं. पैलवानाचे डोळे गच्च मिटले होते. नाक ओलं झालं होतं. छाती धडधड धडधड करत होती.

तिळीने तोंड मिटलं. तिला केरसुणी आठवली. केरसुणी आली की तिळीही अशीच थरथरते. तेव्हा तिळीला कुणी चावत नाही. तेव्हा तिची आई नुसती जवळ बसते.

तिळी पंजाला टेकून बसली. हळूच म्हणाली, "पैलवानदादा, शिट्टी काय करते?"

"येते," पैलवान म्हणाला.

"मग काय करते?"

"माहीत नाही. तेव्हा माझे डोळे बंद असतात."

"मग जाते ती," तिळी म्हणाली.

"जाते?"

"बघू या आपण. मी म्हणेन, तसं म्हण."

दोघं वाट बघत बसली. कुकर फुसफुसला. फिस्स, फिस्स. पैलवानाने डोळे मिटले. तिळी म्हणाली, "मी आहे इथे."

शुईईईई.

"आली, आली, आली," तिळी म्हणाली.

"आ-आ-आली," पैलवान म्हणाला.

"आणि... गेली."

"गेली?"

"गेली."

पैलवानाने एक डोळा उघडला. खरंच शिट्टी गेली होती.

"पुन्हा," पैलवान म्हणाला.

शुईईईई.

"आली, आली, आली... गेली," दोघं म्हणाली.

पैलवानाने दुसरा डोळा उघडला. एक कान उभा केला. पाय अजून लटलटत होते. उठायचं काही नाव नाही. पण हनुवटी? हनुवटी जरा वर आली. एवढीशीच.

तेवढं पुरे. चष्मा मोकळा झाला. पैलवानाने नाकाने त्याला ढकललं. सर्रर्र. चष्मा थेट आजोबांच्या पायाशी.

मग काय विचारता.

चष्मा सापडला,
आजोबांनी दोरी ओढली.
आजोबांनी दोरी ओढली,
पाळणा हलला.

कुर्रकुर्र, कुर्रकुर्र. पाळणा इकडे गेला, आई इकडे गेली. पाळणा तिकडे गेला, आई तिकडे गेली. वेणी बाळाच्या मुठीत ना.

"बाबा, हळू," आई म्हणाली. "बाळाबरोबर मीच झोपेन."

पाळणा हलला,
बाळ झोपलं.
बाळ झोपलं,
मुठी उघडल्या, आई सुटली.
आई सुटली,
आईने बटण फिरवलं, शेगडी विझली.
शेगडी विझली,
कुकर थांबला. फुस्स.
कुकर थांबला,
पैलवान उठला.
पैलवान उठला,
तिळीचा लाडू...

लाडू कुठे होता? जमिनीवर नव्हता. पैलवानाच्या पोटाला चिकटला होता. पैलवानाने अंग झाडलं. फडफड फडफड. टप्प.

लाडू पडला. पण तो लाडू कसला? पैलवान बसला होता त्याच्यावर. लाडवाची पार पोळी झाली होती.

पैलवानाने मान खाली घातली. "मी चुकून बसलो गं," तो म्हणाला.

तिळीने लाडवाभोवती एक चक्कर मारली. लाडू बघितला. मग भिंतीतलं आपल्या घराचं दार बघितलं. दार म्हणजे एक बारीकशी फट.

"बरं झालं बसलास, दादा," तिळी म्हणाली. "गोल लाडू आत गेलाच नसता."

तिने ढकलला. लाडू आत गेला. सुळ्ळकन. तिळीच्या आईने बघितला, हात लावून बघितला, आणि सगळ्या मुंग्यांना बोलावून दाखवला. तिळी इतकी फुगली, इतकी फुगली, की कुकरच वाटायला लागली.

इकडे बाळाच्या आईने कुकर उघडला. भाताचं आणि डाळीचं काय झालं होतं, ते विचारू नका. आजोबांनी मात्र तूप घालून दोनदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कुकर लागला. शुईईईई.

पैलवान धाडकन पलंगाखाली शिरला. शेपूट आत. कान खाली. तेवढ्यात भिंतीच्या फटीतून आवाज आला. बारीक बारीक, खूप खूप आवाज. तिळी, तिळीची आई, मावश्या, आत्या, सगळ्या एकदम म्हणत होत्या,

"आली, आली, आली... गेली."

पैलवान पलंगाखालून बाहेर आला. आळस दिला. आणि गेला ढगांवर भुंकायला.

लाडू गेला मुंगीच्या घरी,
आपली गोष्ट झाली पुरी.