दुरपीने समुद्रापार पगार धाडले

"एकही नाणं राज्याबाहेर जाता कामा नये, आणि एकाही माणसाचा पगार राहता कामा नये!"

वेसवडीच्या मानाजीराजांनी फर्मावलं आणि पगार वाटणारे सबनीस रंगोपंत मटकन खालीच बसले.

वेसवडी हे बंदराचं राज्य. राजाची चाळीस माणसं परमुलखात कामाला. कोणी मस्कतला घोडे पारखायचं, कोणी सिंहलद्वीपात मोती, कोणी मलाक्क्यात जायफळ निवडायचं. काही इथून गेलेली, बरीचशी तिथलीच, आपापल्या घरी राहून वेसवडीची चाकरी करणारी. पण पगार पोचवायचा कसा? एका वर्षी पगाराची पेटी गलबतासकट बुडाली. पुढच्या वर्षी ती चाच्यांनी पळवली. मग राजा हट्टालाच पेटला.

"दसऱ्यापर्यंत जमलं नाही, तर पंत, तुम्ही स्वतः पोहत जायचं पगार वाटायला!"

रंगोपंतांना विहिरीतसुद्धा पोहता येत नव्हतं. ते उठले ते थेट बंदरावर, दुरपीच्या खाणावळीत येऊन बसले आणि पहिल्या घासाबरोबर रडगाणं सुरू केलं.

दुरपी आमटी वाढत गुपचूप ऐकत होती. तिचा नवरा देवजी मस्कतलाच होता, राजाचा घोडेपारखी. दोन वर्षं त्याला छदाम मिळाला नव्हता. 'दसऱ्यापर्यंत वाट बघतो, नाहीतर इथल्याच एका सरदाराची चाकरी धरतो. मग दहा वर्षं सुटका नाही,' असा त्याचा निरोप आला होता. तेव्हापासून दुरपीच्या आमटीत कधी मीठ दोनदा पडे, कधी पडतच नसे.

समोरच्या पाटावर मस्कतचा व्यापारी हमदान जेवत होता.

"बाई, मी जिवंत पोचलो हेच नशीब!" तो म्हणाला. "तांदूळ घ्यायला दरसाल चांदीची थैली कमरेला बांधून येतो. लांबून शीड दिसलं की वाटतं, आले चाचे! ती चांदी घरी ठेवून येता आलं असतं, तर सुखानं झोपलो असतो."

दुरपीची पळी हवेतच थांबली. तिनं हमदानकडे पाहिलं, मग रंगोपंतांकडे पाहिलं.

"पंत, हात धुवा!"

"अगं, अजून भात यायचाय!"

"भात कुठं पळून जातोय? राजा मात्र दरबारातून उठेल!"

दरबारात दुरपीनं मुजरा केला आणि पदर खोचूनच बोलायला लागली.

"महाराज, तुमचे पैसे इथं आहेत आणि ते तिकडे हवेत. हमदानशेटचे तिकडे आहेत, त्यांना इथं हवेत. मग दोघांनी समुद्रात कशाला उतरायचं? हमदानशेटनी तिथंच देवजीला पगार द्यावा, त्यांच्याच नाण्यात, आणि मिळाल्याची चिठ्ठी घ्यावी. ती चिठ्ठी घेऊन ते इथं आले, की तेवढ्या पैशाचा तांदूळ तुमच्या खजिन्यातून त्यांना भरून द्यावा. सिंहलचे आणि मलाक्क्याचे व्यापारीही माझ्याकडेच जेवतात. नाणं जागचं हलत नाही, नुसती चिठ्ठी फिरते!"

राजाचे डोळे चमकले, पण हट्ट एवढ्यात उतरतो थोडाच!

"आणि चिठ्ठी खोटी निघाली तर?"

"पगार न मिळालेला माणूस गप्प बसतो का, महाराज? विचारा पंतांना!"

"सतरा पत्रं आलीत," रंगोपंत कण्हले. "त्यातलं एक शिव्यांचं!"

"व्यापाऱ्यांना दरसाल तांदूळ न्यायला इथंच यायचंय. एका खोट्या चिठ्ठीपायी कोण बंदर गमावील?"

राजा हसू दाबत म्हणाला, "बरं, हे सांग. सिंहलचा मोतीपारखी सोडून गेला. नवा माणूस न बघता कसा नेमू?"

"माणूस नका बघू, काम बघा. दहा मोती पाठवा, त्यांत चार खोटे घाला. जो खरे सहा आणि खोटे चार वेगवेगळ्या पुड्यांत बांधून परत धाडील, तो तुमचा पारखी!"

"आणि जो दहाही ठेवून घेईल तो?"

"तो सहा मोत्यांत ओळखला गेला, महाराज. खजिना हाती देऊन ओळखायचा, त्यापेक्षा स्वस्तातच सुटलात!"

दरबारात खसखस पिकली आणि राजानं होकार दिला. हमदानला तर हेच हवं होतं; त्याचं गलबत दुसऱ्या दिवशीच सुटलं. इतर व्यापारीही पगारांच्या याद्या आणि ते दहा मोती घेऊन आपापल्या मुलखाला निघाले.

पावसाळा सरला. दुरपी रोज सकाळी चूल पेटवण्याआधी धक्क्यावर जाऊन उभी राहायची. दसऱ्याला चार दिवस उरले असताना गलबतं लागली. एकेक करून चिठ्ठ्या आल्या, सगळ्यांच्या सगळ्या! कोणाचा शिक्का, कोणाचा अंगठा. एका पुडीत सहा मोती होते, दुसरीत चार. देवजीच्या चिठ्ठीवर, मिळालेल्या रकमेखाली, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'सरदाराला नाही म्हटलं. पुढच्या गलबतानं महिनाभर घरी येतो.' दुरपीनं ती चिठ्ठी तीनदा वाचली, मग कुठं पंतांच्या हातात दिली.

राजानं तिला बोलावून घेतलं.

"दुरपाबाई, परमुलखातल्या सगळ्या नेमणुका आणि पगार आजपासून तुमच्या हाती! उद्यापासून रोज दरबारात येऊन रंगोपंतांशेजारी गादीवर बसायचं."

"गादी नको, महाराज. मी खाणावळीतूनच काम करीन."

"का?"

"इथं बसले तर व्यापारी मला भेटणार कुठं?"

"पण तुम्ही काम करता की आमटी ढवळता, हे आम्हाला इथून कसं दिसणार?"

"मस्कतचा माणूस दिसत नाही, तरी तुमचे घोडे पागेत येतात, महाराज. मी तर हाकेच्या अंतरावर आहे! फक्त माझा पगार तेवढा इथून खाणावळीत पोचवा, म्हणजे झालं!"

मानाजीराजे इतके हसले, की त्यांना मंदील दोन्ही हातांनी धरावा लागला. त्यांनी तिथल्या तिथं शंभर मोहरांची थैली मागवली आणि ती खाणावळीत नेऊन द्यायला रंगोपंतांनाच पुढं धाडलं.