पतीच्या नावाचा रकाना

"मग एवढं सगळं लिहून ठेवल्यावरही चुकतं कसं, नाना?"

कुंदा शिरसाटने हे विचारलं तेव्हा तिचा लॅपटॉप नाना कुलथ्यांच्या ओट्यावर, लसणाच्या सुपाशेजारी उघडा होता. नाना लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

नाना म्हणजे तालुक्याचे जुने अर्जनवीस. कचेरीसमोरच्या चिंचेखाली पत्र्याचं टेबल टाकून त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. बारावीनंतर तीन वर्षं कुंदाने त्यांच्याच शेजारी बसून हात बसवला आणि मग परीक्षा देऊन समोरच्याच कचेरीत कारकून झाली.

आता ती चिंच नाही आणि टेबलही नाही. तिथे मोटारसायकली उभ्या असतात. येता-जाता कुंदाला अजून कार्बन कागदाचा वास आल्यासारखं होतं आणि दर वेळी वाईट वाटतं.

आज मात्र ती हळहळायला आली नव्हती. खरं सांगायचं तर निम्मी अडचण घेऊन आली होती आणि निम्मी मिरवायला.

निराधार पेन्शनचा अर्ज तिने कॉम्प्युटरवर बनवला होता, अगदी एकटीने. प्रत्येक रकान्याला एक करडी चौकट. चौकटीत गेलं की खाली सूचना दिसते. एफ-वन दाबलं की छोटी खिडकी उघडते आणि काय लिहायचं, काय नाही, ते सविस्तर सांगते. बेचाळीस चौकटी, बेचाळीस सूचना. साहेबांनी भर बैठकीत तिचं नाव घेऊन कौतुक केलं होतं.

त्या कौतुकाला महिना होत नाही तोच त्रेसष्ट अर्ज परत आले. सगळे विधवा बायकांचे आणि सगळे एकाच चौकटीवर अडकलेले.

पतीचे नाव.

अर्ज भरायच्या केंद्रावरचा मुलगा विचारायचा, नवऱ्याचं नाव सांगा. ज्या बाईने जन्मात ते नाव तोंडातून काढलं नाही, ती पदर पुढे ओढायची आणि म्हणायची, बाळूचे वडील. मागे रांग असायची. मुलगा 'बाळू' लिहून मोकळा व्हायचा. कुणी दिराचं नाव सांगितलं. एका अर्जात तर पतीचे नाव 'मालक' असं होतं. मृत्यूच्या दाखल्याशी काही जुळेना.

कुंदाने लगेच सूचना कडक केली. पतीचे पूर्ण नाव लिहावे. मुलाचे नाव, टोपणनाव किंवा नाते लिहू नये.

झालं उलटंच. केंद्रांवरची मुलं ती सूचना बायकांना वाचून दाखवू लागली, तीही मोठ्याने. बायका गप्प व्हायला लागल्या. दोघी तर अर्ज अर्धा टाकून घरी निघून गेल्या.

त्या त्रेसष्ट जणींना सोमवारी परत बोलावलं होतं. अर्ज दुसऱ्यांदा परत आला तर वर्षभर पुन्हा करता येत नव्हता. आणि सोमवारीच कुंदाचा फॉर्म पासवर्ड लावून, कुलूपबंद होऊन सगळ्या केंद्रांवर जायचा होता; मग त्यात काही बदलता येणार नव्हतं.

"सूचना वाच," नाना म्हणाले.

कुंदाने वाचल्या, एकूण एक. लिहावे, लिहू नये, रिकामे सोडू नये, सोबत जोडावे. तिचा आवाज बैठकीत असतो तसा लागला होता.

नानांनी ऐकून घेतल्या.

"चांगल्या आहेत. मला नसतं जमलं."

कुंदा खूश झाली. मग खूश व्हावं की नाही, ते तिला कळेना.

"नाना, मला तुमचा तो प्रश्न हवाय," ती म्हणाली. "माझ्या आईला विचारला होता तो. तसाच्या तसा टाकते."

त्या प्रश्नाची गोष्ट कुंदाने कचेरीत इतक्यांदा सांगितली होती की शिपायालाही ती पाठ होती.

तिचे वडील बाजार समितीत हमाल होते. पोत्यांची थप्पी अंगावर आली आणि गेले. महिन्याने आई तिला घेऊन चिंचेखाली आली. नानांनी अर्ज भरायला घेतला. गाव झालं, वय झालं, मुलं झाली, आणि नवऱ्याच्या नावापाशी आई अडली. तेव्हा नानांनी विचारलं, "मुकादम त्यांना काय हाक मारायचा?" आई म्हणाली, "तुळशीराम म्हणायचा." नाव मुकादमाच्या तोंडचं. आईचा नेम मोडला नाही आणि अर्जही झाला.

"एवढा एकच प्रश्न, नाना. त्या चौकटीत हाच घालते. सगळ्या बायका सांगतील."

नानांनी हातातली पाकळी सुपात टाकली.

"मी असं विचारलं नव्हतं."

...

"विचारलं होतं. मी शेजारीच उभी होते."

"उभी होतीस. पण मी विचारलं नाही. आठव बरं."

कुंदाला हसू आलं. म्हाताऱ्याला विसर पडला, असं तिला वाटलं आणि मनातून वाईटही वाटलं.

नानांनी धोतराला हात पुसले. खिशातलं जुनं पेन काढलं. उगीच टोपण उघडलं, पुन्हा लावलं आणि पेन ओट्यावर आडवं ठेवलं. मग गल्लीकडे बघत बसले.

ते काहीतरी बोलतील म्हणून कुंदा थांबली.

नाना बोलले नाहीत.

गल्लीतून एक सायकल गेली. समोरच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. तेही थांबलं.

...

आणि मग तिला ते पेन दिसलं, चिंचेखालच्या टेबलावर, असंच टोपण लावून आडवं ठेवलेलं. नाना रस्त्याकडे बघत होते. मागे रांगेत कुणीतरी कुरकुरत होतं. आई खाली मान घालून उभी होती आणि कुंदाला तिची लाज वाटत होती. सगळी रांग खोळंबली म्हणून लाज. "सांग ना गं," असं म्हणून तिने आईचा पदरही ओढला होता. हे ती कचेरीत कधीच कुणाला सांगत नसे.

नाना तेव्हाही काही बोलले नव्हते.

आईच बोलायला लागली होती. आधी भलतंच काहीतरी. संध्याकाळी आले की डोक्यातली सुतळीची कुसं झटकायला अंगणात बसायचे. भाकरी गरमच लागायची. पहाटे गाडी आली की मुकादम दारातून हाका मारायचा, तुळशीराम, ए तुळशीराम, ऊठ, गाडी आली...

एवढं बोलून आई रडली होती. वडील गेल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हा कुठे नानांनी टोपण काढलं होतं.

कुंदाचे डोळे भरून आले. आई जाऊनही आता सहा वर्षं झाली होती. तिचा आवाज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नीट ऐकू आला, असं तिला वाटलं. आणि आपण इतकी वर्षं तिचे शब्द नानांच्या तोंडी घालत आलो, याचं वाईट वाटलं.

"किती वेळ गेला होता, नाना?"

"रांगेत सतरा माणसं होती. त्यातली नऊ कंटाळून निघून गेली."

कुंदा ओल्या डोळ्यांनी हसली. मग पदराने तोंड पुसून तिने लॅपटॉप पुढे ओढला. शेवटी ती कारकून होती आणि सोमवार यायचा थांबणार नव्हता. तिने त्या चौकटीची कडक सूचना पुसून टाकली. खिडकी कोरी झाली.

"तुम्ही सांगा. मी लिहिते. पण दोनशे पंचावन्न अक्षरंच मावतात, एकही जास्त नाही."

"लिही," नाना म्हणाले. "इथे थांबा."

तिने लिहिलं. बोटं तशीच बटणांवर ठेवून ती वाट बघत राहिली.

नानांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं होतं.

"पुढे?"

...

"नाना, अजून दोनशे पंचेचाळीस अक्षरांची जागा आहे."

"असू दे. ती समोरच्या बाईला लागेल."