पोटाला न पटलेली गोष्ट

“मग काय करू बुवा? नळी उपटून फेकून देऊ?”

नरहरबुवा ओसरीवर शेवग्याचा पाला निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“फेकायची असती, तर विचारायला आला नसतास.”

भार्गव पायरीवर बसला. त्याची भरलेली पिशवी खांबाशी टेकलेली होती. संध्याकाळच्या एसटीने तो मठ सोडून निघणार होता. बुवांना हे त्याने सांगितलं नव्हतं, पण बुवांना ते कळलं होतं.

इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन तो बुवांपाशी आला होता. स्वयंपाकघरातल्या धुरापायी मठाचा स्वयंपाक करणाऱ्या द्वारकाकाकूंचा खोकला हटेना, म्हणून मठामागच्या आवारात त्याने गोबरगॅसची टाकी बांधली. काकू खूश झाल्या. पण मठात गाई दोनच. वरण शिजेपर्यंत गॅस टिके, भाताच्या वेळी ज्योत मान टाके.

तेव्हा भार्गवने यात्रेकरूंच्या संडासांची नळी त्याच टाकीला जोडली. कुणाला काही बोलला नाही.

गुरुवारचा प्रसाद त्या गॅसवर झाला. पंगत उठायच्या आत भार्गव मधोमध उभा राहिला आणि छाती पुढे काढून त्याने सांगितलं, आजचा भात कशावर शिजलाय ते.

निम्मी पंगत हातातला घास टाकून परसात ओकायला धावली. द्वारकाकाकूंनी एकूण एक भांडं चिंच आणि राख लावून घासलं, डोक्यावरून आंघोळ केली आणि पुन्हा चूल पेटवली. आताही आतून त्यांचा खोकला ऐकू येत होता.

“तुम्ही एक शब्द टाका, बुवा. तुमचं ऐकतील ते.”

“काय शब्द टाकू?”

“हेच की जळल्यावर मागे घाण उरत नाही. ज्योत ती ज्योत. शेणाची चालते, मग हिनेच काय पाप केलंय? साधं विज्ञान आहे हे. पण या गाढवांना…”

“मला पटलंय.”

“पटलंय?”

“डोक्याला पटलंय.” बुवांनी एक काडी बाजूला टाकली. “पोटाला नाही पटलं.”

“म्हणजे तुम्हीसुद्धा…”

“मीसुद्धा. जा, तुझ्या त्या गॅसच्या शेगडीवर चहा टाक. दोघांचा.”

भार्गवने चहा केला. आलं जरा जास्तच ठेचून घातलं. दोन कप घेऊन तो ओसरीवर आला.

बुवांनी कप उचलला. ओठांपाशी नेला… थांबले. मग डोळे मिटून एक घोट घेतला.

गळ्याची घाटी वर गेली आणि तिथेच अडकली. बुवांनी तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं. थोडा चहा धोतरावर सांडला. बऱ्याच वेळाने तो घोट खाली गेला.

“आलं छान पडलंय,” बुवा म्हणाले, आणि त्यांना पुन्हा उमासा आला.

भार्गव बघत राहिला. महारोग्यांच्या जखमा उघड्या हातांनी धुणारा हा माणूस. गाढव म्हणायला त्याची जीभ आता वळेना.

बुवांनी कप परत उचलला. भार्गवने त्यावर तळहात ठेवला.

“नका पिऊ, बुवा.”

“का रे? ज्योत ती ज्योत ना?”

“हो… पण नका पिऊ.”

बुवांनी त्याचा हात हळूच बाजूला केला आणि दुसरा घोट घेतला.

“अहो, काय हा पोरखेळ!” दारातून द्वारकाकाकू ओरडल्या. “या वयात आतडी बाहेर काढायचीत का? आणि तू रे शहाण्या, अजून कुणाकुणाला पाजणार आहेस?” पुढचं बोलणं खोकल्यात गेलं.

भार्गव उठून उभा राहिला.

“काकू, माझं चुकलं. आधी विचारायला हवं होतं.”

“विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं असतं.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. त्याच्याकडे बघत राहिल्या… मग बुवांच्या कपाकडे.

“आंघोळीचं पाणी तापव त्याच्यावर,” त्या म्हणाल्या. “ते काही पोटात जात नाही. पण देवाच्या नाही हं, माणसांच्या! आणि माझ्या हंड्याला हात लावलास तर बघ. आपला वेगळा आण.”

त्या आत गेल्या. भार्गव पुन्हा बुवांपाशी बसला.

“नुसतं आंघोळीचं पाणी…”

“थंडीचे दिवस आहेत,” बुवा म्हणाले.

“पण चूल पेटतीच राहणार. त्यांचा खोकलाही.”

“राहील. उद्या विचारशील ना?”

भार्गवने मान डोलावली. पिशवीतून टॉवेल काढला आणि बुवांच्या धोतरावर सांडलेला चहा टिपू लागला. टिपता टिपता त्याला उगाच हसू आलं.

“बुवा, एक दिवस घरोघरी असंच शिजेल बघा. कुणाला काही वाटणारसुद्धा नाही. आपल्याला कधी किळस आली होती, हेही लोक विसरतील.”

“विसरतील. तूही विसरशील.”

भार्गवचा हात थांबला.

“मी?”

“तूही.”

“मग… मग मी काय करायचं?”

बुवांनी उरलेला चहा संपवला. या वेळी डोळे उघडे ठेवून.

“मग तुझ्या पोटाला न पटणारं काही घेऊन कुणी पोरगा येईल, तेव्हा दाराला कडी लावत जाऊ नकोस.”