चौथ्या मजल्याचं मागीलदार

पुढच्या दारावरची पितळी पाटी बघून झाली असेल, तर जरा डावीकडे बघा. लिफ्टच्या पलीकडे एक बुटकं, साधं दार आहे. जाहिरातीत त्याचा फोटो नाही, आणि दलालसाहेब ते आपण होऊन दाखवतही नाहीत. अडचणीची गोष्ट जेवढी उशिरा सांगता येईल तेवढी बरी, हा त्यांचा धंदाच आहे. मी दुसऱ्या मजल्यावरची शरयू तेलंग. या घराचे मालक परदेशी असतात, त्यामुळे पुढच्या दाराची किल्ली माझ्याकडे असते. या दाराला किल्लीच लागत नाही. ढकला आणि या आत.

हे झालं स्वयंपाकघर. कोपऱ्यात वर गेलेला जिना दिसतोय ना, तो अख्ख्या इमारतीच्या गच्चीचा. होय, तुमच्या चुलीशेजारून. शिवाजी पार्कच्या मागे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या इमारती पुष्कळ आहेत. अशाच गोल गॅलऱ्या, अशीच मोझॅकची फरशी, असेच सागवानी दरवाजे. पण पापड-कुरडयांची ताटं डोक्यावर घेऊन लोक स्वयंपाकघरातून गच्चीवर जातात, अशी ही एकच. त्याचं कारण असं सांगतात.

ही इमारत बांधली विनायकराव सुखटणकरांनी. कापसाच्या व्यापारात चांगलं नाव होतं, आणि विलायती चित्रं बघून बघून घराचं वेड लागलेलं. खालचे सगळे मजले भाडेकऱ्यांना दिले, चौथा स्वतःला ठेवला. गच्चीवर आपल्याखेरीज कुणी येऊ नये म्हणून वरचा जिना त्यांनी आपल्या घराच्या आत घेतला. तेव्हा हे बुटकं दार नव्हतं. इथे भिंत होती.

वास्तुशांतीला त्यांनी बायकोला वेंगुर्ल्याहून आणलं. सुंदराबाई त्यांचं नाव. त्यांनी सगळं घर हिंडून पाहिलं, नळ सोडून पाहिले, आरशाचं कौतुक केलं. मग गुरुजींनी दूध उतू घालवायला सांगितलं, तेव्हा पातेलं हातात धरून त्यांनी मागीलदार कुठे आहे म्हणून विचारलं. विनायकराव हसले. चौथ्या मजल्यावर कसलं मागीलदार? तिथून काय हवेत उतरायचंय?

तेव्हा सुंदराबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "पुढल्या दारान पावणे येतत. मागीलदार नाय त्या घरात शेजारीण येतली खयसून?"

खयसून म्हणजे कुठून. आणि तिथंच त्यांनी शपथ घेतली. घराला मागचं दार होईपर्यंत या चुलीवर दूध ठेवायचं नाही, आणि तोवर या घरात पाहुणी म्हणून राहायचं. म्हणे त्यांनी ट्रंक उघडलीच नाही. दिवसभर दिवाणखान्यात, पाहुण्यांच्या खुर्चीवर, पदर सावरून बसायच्या. विनायकराव पेढीवरून आले की "बरे आहात ना?" म्हणून विचारायच्या. पाहुण्या बाईला स्वयंपाक करायला कोण सांगणार? एवढ्या थाटाच्या घरात मालक खानावळीचा डबा खात होता. खालच्या बायका वर येत नव्हत्या. गच्ची गिळून बसलेल्या माणसाकडे कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि तेही खरंच होतं.

विनायकरावही हट्टी. भिंतीत दार पाडलं तर सगळा गाव आत येईल, म्हणाले. त्यासाठीच दार हवं होतं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. असं करता करता पावसाळा जवळ आला. तेव्हा पावसात कोकणच्या बोटी बंद होत. शेवटच्या बोटीचा दिवस उजाडला तेव्हा सुंदराबाईंनी पाहुणचाराबद्दल यजमानांचे आभार मानले आणि ट्रंक हमालाच्या डोक्यावर दिली. पावसाळाभर तिकडेच, आणि पावसाळ्यानंतरही परत यायचा त्यांचा विचार नव्हता. विनायकराव धक्क्यापर्यंत सोडायला निघाले.

तिसऱ्या मजल्यावर गोदूताई प्रधान दारातच उभ्या होत्या. त्यांनी सुंदराबाईंना इतक्या दिवसांत कधी पाहिलंच नव्हतं. शेजारधर्म म्हणून हसल्या आणि म्हणाल्या, "निघालात? पुन्हा या हं. मालकीणबाई कधी यायच्या हो राहायला?"

सुंदराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आपल्या बायकोला आपल्याच इमारतीत कुणी ओळखत नाही, याची विनायकरावांना लाज वाटली, फार लाज वाटली. त्यांनी हमालाला मागे फिरवलं, खाली जाऊन दरवानाची पहार घेतली आणि अंगातला कोटही न काढता चार मजले चढून या भिंतीवर घातली. भिंत एका घावात पडली, असं सांगतात. मी शेजारच्या भिंतीत खिळा ठोकून पाहिलाय, त्यामुळे माझा विश्वास नाही. पण सांगतात.

आवाज ऐकून इमारत कोसळली असं वाटून सगळ्या बायका वर धावल्या आणि त्या भगदाडातून थेट स्वयंपाकघरात आल्या. बघतात तर मालक विटांच्या धुळीत पांढरा झालेला, आणि कालपर्यंतची पाहुणी पदर खोचून चूल पेटवतेय. गोदूताईंनी आपल्या घरचं दूध आणलं. ते असं उतू गेलं की पायऱ्या उतरत तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं, म्हणे. शेरभर दुधाला एवढा दम कुठून आला, ते विचारू नका. तिकडे बोट सुटली. ट्रंक त्या दिवशी उघडली, आणि दुसऱ्याच दिवशी गच्चीवर सगळ्या इमारतीचे पापड वाळत पडले. राखणीला काठी घेऊन स्वतः विनायकराव बसले होते.

आजही या दाराला आतून कडी नाही. नव्या मालकानं पहिल्या दिवशी पुढच्या दारानं यायचं नाही. खालच्या बायका त्याला इथून आत घेतात आणि दूध त्या ठेवतात. कुलूप लावलं तर चालेल का, असं सगळेच विचारतात. कायद्याची काही हरकत नाही. लावलंत तर आम्ही तुम्हाला पाहुणे समजू, एवढंच.

तुमच्या सौभाग्यवतींना शोधताय का? त्या मघाशीच वर गेल्या. प्रधानांची नातसून कुरडया उलटायला चालली होती, तिनं त्यांच्या हातात सूप दिलं आणि त्या निघाल्या तिच्या मागोमाग. घर घ्यायचं की नाही, ते आता त्या खाली आल्या की त्यांनाच विचारा.