मेस्त्रींनी सरळ केलेली खुर्ची

कापलेलं लाकूडही बोलायचं, त्या काळातली ही गोष्ट. दुर्गाकाकूंच्या पडवीत अंगणाकडे तोंड करून ठेवलेली, आजेसासऱ्यांच्या वेळची सागवानी खुर्ची होती. एकदा तिची चौकट मोडली, म्हणून काकूंनी ती बाबल मेस्त्रींकडे पाठवली.

मेस्त्रींनी खुंट्या ठोकून चौकट छान जोडली. मग खुर्ची सपाट फळीवर ठेवली, तर ती मागे कलली. "पुढचे पाय लांब आहेत गं तुझे!" असं म्हणत त्यांनी ते बोटभर कापले.

खुर्ची घरी आली. काकू टेकल्या आणि घसरून थेट पुढे आल्या. "हिला दुरुस्त केलंय की बिघडवलंय? बोलवा त्या मेस्त्रीला, नाहीतर आज बंबात घालते हिला!"

खुर्ची पार गोंधळली. तिकडे सरळ होते, मग इकडे वाकडी कशी झाले? पाठ पायांवर चिडली, पाय पाठीवर. मेस्त्री आले, त्यांनाही काही उमगेना.

तेव्हा पडवीची जमीन म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. पावसाचं पाणी अंगणात जावं म्हणून मला उतार दिलाय. जुन्या सुताराने तो मोजूनच हिचे पुढचे पाय लांब ठेवले होते."

मेस्त्रींनी तांब्याभर पाणी ओतलं. ते सरळ अंगणात गेलं.

"मग माझे तुकडे परत जोडा ना," खुर्ची हळूच म्हणाली.

मेस्त्रींनी मान खाली घातली. "त्यांच्यावर कालच मी चहा उकळला, बाई."