बुजवलेले ओरखडे

"तो माझ्याकडेच का बघतोय, मदर?"

गास्पारनं उंबऱ्यातूनच विचारलं. हातात मेणबत्ती होती, पण पाऊल काही आत पडेना.

मठातल्या म्हाताऱ्या मदर क्लोतिल्द पुढच्या बाकावर बसल्या होत्या. याच गावच्या शाळेत त्यांनी गास्पारच्या हाती पहिला कुंचला दिला होता. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"डोळे कुणी दिले त्याला?"

"...मी."

"मग बघेल नाही तर काय करेल?"

समोरच्या भिंतीवरच्या जुन्या चित्रात सैतान होता. फ्रान्समधल्या त्या एवढ्याशा गावातलं हे पडीक चॅपेल गास्पारनंच पुन्हा उभं केलं होतं. छत घातलं, भिंती धुतल्या, आणि ओरखड्यांनी पार आंधळा झालेला सैतान असा हुबेहूब रंगवला, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. शहरातली शहाणी माणसं माना डोलावून गेली. गावातलं मात्र चिटपाखरू आत फिरकेना. गास्पार म्हणाला, गावंढळ ते गावंढळच!

आज त्याचीच पाचावर धारण बसली होती. शहरातल्या इस्पितळात त्याची बायको ओदिल अडली होती. मूल आडवं आलं होतं. डॉक्टरांनी त्याला खोलीबाहेर काढलं, तसा तो थेट इकडे निघून आला.

"ओदिलसाठी प्रार्थना करा, मदर. मला आत येववत नाही."

"करतेच आहे. तू घाबरलास, तशी मीही."

"तुम्हालाही भीती वाटते?"

"ह्या वयात खोटं कशाला बोलू? दात पडले, भीती नाही पडली."

गास्पार भिंतीला घसटत आत आला. सैतानाची बुबुळं त्याच्याबरोबर सरकली. निदान त्याला तसं वाटलं.

"ते ओरखडे... मला वाटलं, टवाळ पोरांचे उद्योग. म्हणून बुजवले."

"टवाळ पोरं! गावात बाई गरोदर राहिली की इथं यायची. घरची किल्ली ह्याच्या डोळ्यात खुपसायची. म्हणायची, माझ्या लेकराकडं बघू नकोस, मेल्या."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

"आणि माझी आई?"

"आली होती. पोट सावरत, भिंतीला धरत. तू पायाळू होतास."

गास्पारच्या खिशातला फोन गप्प होता. तो वाजत नाही याची भीती, आणि वाजेल याचीही.

मदर उठल्या. झग्याच्या खिशातून आपल्या खोलीची किल्ली काढून त्यांनी त्याच्या तळव्यावर ठेवली.

उद्या काम बघायला समिती यायची होती. भिंतीवर एक रेघ उठली, की आजवर कमावलेलं नाव बुडालं.

त्यानं मेणबत्ती खाली ठेवली. किल्ली उगारली. हात सैतानाच्या डोळ्यांपर्यंत गेला, आणि तिथंच अडला. भिंत आरशासारखी गुळगुळीत. एक खाच म्हणून त्यानं शिल्लक ठेवली नव्हती.

"मदर... आईनं नेमकं कुठं ओरखडलं होतं?"

"तिनं जागा विचारली नव्हती."