वाटीभर पीठ, वाटीभर काकवी

फार फार पूर्वीची गोष्ट. देवळात मध्यान्हीची घंटा झाली, आणि नेमक्या त्याच घटकेला डोंगरातल्या एका मेंढपाळाच्या घरी सुनेनं वळलेला लाडू परातीत पसरून बसला.

त्या गावाची रीत कडक. उन्हाळा लागला की मेंढपाळ कळप घेऊन घाटापलीकडच्या कुरणांवर जात. वाट लांबची, चूल मांडायला मधे जागा नाही. म्हणून ज्याच्या झोळीत भाजलेल्या पिठाचे, काकवीत वळलेले घट्ट लाडू नसतील, त्याला म्होरक्या माघारी धाडी. मग त्याची मेंढरं इथेच वाळल्या काट्यांवर मरायची.

कळप निघणार दिवस मावळताना. आणि परातीत तर नुसता चिखल!

सुनेच्या कडेवर तान्हं लेकरू रडतंय, आणि ओसरीवरून सासू म्हणते, "काय गं, लाडू करतेस की लापशी?"

"आत्याबाई, तुम्हीच सांगितलं ना, पिठाच्या निम्मी काकवी? चार वाट्या पीठ घेतलं, दोन वाट्या काकवी. काय चुकलं माझं?"

"मला काय ठाऊक! मी कधी वाटी घेतलीय? हातात धरलं की कळायचं." सासूचाही आवाज आता बारीक झाला. "घाल की आणखी पीठ."

"किती घालू? जास्त झालं तर भुगा होईल. मडक्यात वाटीभरच काकवी उरलीय."

ती उरलेली काकवी तिनं वाटीत ओतली. एका हातात लेकरू, म्हणून दुसऱ्या एकाच हातानं वाटी उचलली, तर मनगट वाकलं. मघाशी पिठाची वाटी तर फुलासारखी उचलली होती!

"आत्याबाई, वाट्या सारख्याच, मग हीच एवढी जड कशी?"

कोपऱ्यात पाण्याची रिकामी कावड होती, दोन्ही टोकांना शिंकी लावलेली. सुनेनं ती मधोमध आढ्याला टांगली. एका शिंक्यात काकवीची वाटी ठेवली, दुसऱ्यात तशीच वाटी पिठाची. काकवीची बाजू धपकन खाली गेली. मग ती पिठाच्या बाजूला फडक्यात पीठ वाढवत गेली. सगळं मिळून अडीच वाट्या पीठ झालं तेव्हा कुठे कावड सरळ झाली.

"अगं बाई! म्हणजे मी निम्मी धरायचे ती वजनानं," सासू म्हणाली, "आणि तुला सांगितलं नुसतं निम्मी!"

"मग वाटीभर काकवीला पीठ हवं अडीचाच्या दुप्पट, पाच वाट्या. दोन वाट्यांना दहा. मी घातलं चार. आत्याबाई, आणखी सहा!"

"दे ते पोर इकडे. तू पीठ भाज."

उन्हं उतरली तसे लाडू आळले. म्होरक्यानं एक उचलून दगडावर टाकला. फुटला नाही, चेपलाही नाही.

"घाल झोळीत," तो सुनेच्या नवऱ्याला म्हणाला. "चल, मेंढरं पुढे काढ."

सून उंबऱ्यावर बसली. लेकरू सासूच्या मांडीवर झोपून गेलं होतं.

त्या वर्षी त्यांच्या कळपातलं एकही मेंढरू दगावलं नाही. गावातही काकवी वाटीनं मोजायची बंद झाली, ती तराजूवर चढली.

तात्पर्य: भांडं सारखं भरलं म्हणून भार सारखा होत नाही.

तुमच्या शेजारी कुणी नवी सून लाडू वळायला बसली असेल, तर तिच्या कानावर एवढं घाला बरं का.